कॉन्वीचा कोट आणि बाबांची वही

पहिला दिवस : शनिवार, २३ ऑगस्ट २०२५

बाबांच्या वहीत १८७ गड आहेत. निळ्या पुठ्ठ्याची लांबट वही, पहिल्या पानावर अजिंक्यतारा, साल १९७४. तेव्हा ते साताऱ्यात कॉलेजला होते. प्रत्येक गडाला एक ओळ : आकडा, तारीख, सोबत कोण, टाक्याला पाणी होतं का. नियम एकच, तट फिरल्याशिवाय आकडा पडत नाही. १८७ व्या ओळीनंतर गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि वही कपाटात गेली. यंदा आई-बाबा आमच्याकडे मँचेस्टरला तीन महिन्यांसाठी आले, तेव्हा बॅगेच्या तळाशी मला ती दिसली. मी काही बोलले नाही. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारची सुट्टी जोडून तीन दिवस उत्तर वेल्सला जायचं, हे मात्र त्याच रात्री नक्की केलं. बुधवारी गणपती होते, म्हणजे सोमवारी रात्री घरी पोचणं भाग होतं.

खरं तर सगळी मंडळी डोंगर बघायला जातात तिकडे. आम्ही किल्ल्यांसाठी निघालो. मुलगी नऊ वर्षांची, धाकटा पाचाचा, आईला जिना चढताना धाप लागते, बाबांचे दोन्ही गुडघे नवे. अशा घरासाठी गाडी लावून दहा मिनिटांत पोचता येईल असा गड हवा. वेल्सच्या किनाऱ्यावर तसे चार आहेत : कॉन्वी, कायर्नार्व्हन, हार्लेक आणि बोमारिस. चारही इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने बांधलेले आणि १९८६ पासून जागतिक वारसा यादीत. हार्लेक लांब पडतं, म्हणून ते सोडलं.

आईने पहाटे उठून दशम्या केल्या होत्या, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि बेसनाचे लाडू. समुद्राच्या कडेने जाणारा मोठा रस्ता कॉन्वीपाशी नदीखालच्या बोगद्यात शिरतो. त्या बोगद्यात जाऊ नका. अलीकडेच बाहेर पडून जुन्या पुलाने गावात या, म्हणजे किल्ला समोरून अंगावर येतो. आठ गोल बुरूज, खाली नदीचं पात्र, मागे हिरवे डोंगर. शेजारी शेजारी तीन पूल. मधला इंजिनिअर टेलफर्डचा १८२६ चा झुलता पूल, एका अंगाला स्टीफन्सनचा रेल्वेचा, दुसऱ्या अंगाला आपण ज्यावरून येतो तो गाड्यांचा. झुलत्या पुलाचे खांबही किल्ल्याला शोभतील अशा बुरुजांच्या घाटाचे केले आहेत. गाडीत एकदम शांतता झाली. मग बाबा म्हणाले, "काळा कातळ सोडला तर जंजिराच वाटतो लांबून."

तिकिटाच्या खिडकीपाशी पाटी आधी वेल्शमध्ये, मग इंग्रजीत. किल्ल्याची देखभाल करणाऱ्या सरकारी खात्याचं नाव 'कॅडू', आणि त्या वेल्श शब्दाचा अर्थच 'राखणं'. बाबांना तो शब्द फार आवडला. "आपल्याकडे गडाला राखणदार असतो तसं," ते धाकट्याला सांगत होते.

आत शिरताना बाबांची नजर सगळ्यात आधी दरवाजावर गेली. आपल्याकडे दोन बुरुजांच्या कवेत दरवाजा लपवतात, गोमुखी म्हणतात ती रचना, बाहेरून आलेल्याला दार दिसतच नाही. इथे दार लपवलेलं नाही. पूर्वी गावातून दगडी चढणीवरून आणि उचलत्या पुलावरून यावं लागे, आणि दाराच्या वर भिंत पुढे काढून तिच्या तळाला भोकं ठेवली आहेत. दाराशी आलेल्याच्या डोक्यावर तिथून दगड टाकायचे. धाकटा त्या भोकांखाली उभा राहून वर बघत राहिला आणि कितीतरी वेळ तिथून हलेना.

आत दोन चौक. पहिला मोठा, शिबंदीचा, म्हणजे गडावरच्या फौजेचा. दुसरा लहान, राजा-राणीच्या महालांचा, म्हणजे आपल्या भाषेत बालेकिल्ला. दोन्हींच्या मध्ये आडवी भिंत, आणि तिच्या अलीकडे कातळात खोदलेली विहीर, २८ मीटर खोल. बाहेरचा चौक पडला तरी आतला लढत राहावा अशी मांडणी. मोठा दिवाणखाना ३८ मीटर लांब आणि मध्ये किंचित वाकलेला, कारण तो खालच्या कातळाची वळणं सांभाळत बांधला आहे. त्याचं लाकडी छत १३४० च्या दशकात काढून दगडी कमानींवर नवं घातलं. त्यातली एकच कमान आज उभी आहे, बाकी वर आभाळ. १६६५ मध्ये मालकाने छतांचं शिसं आणि लोखंड काढून विकायला नेलं आणि किल्ला उघडा पडला. आपल्या गडांच्या वाटा १८१८ नंतर इंग्रजांनी तोडल्या, रायगडावरचे वाडे त्या मे महिन्यात जळाले. इथे शत्रूने नाही, घरच्याच माणसाने छप्पर उतरवलं. बाबा बराच वेळ त्या कमानीकडे बघत होते.

किल्ल्याची गोष्ट सांगायची तर ती या भिंतींच्या आधी सुरू होते. वायव्य वेल्समध्ये ग्विनेद नावाचं राज्य होतं. त्याचा राजा ल्यूएलिन ११ डिसेंबर १२८२ रोजी लढाईत मारला गेला. त्याचा भाऊ डाव्हिद पुढचे काही महिने डोंगरांतून लढला, पकडला गेला, आणि ऑक्टोबर १२८३ मध्ये श्रूजबरीला त्याला भर गावात हालहाल करून मारलं. मी हे वाचून दाखवत होते. बाबांच्या तोंडून एकच शब्द निघाला : "तुळापूर." मुलीने विचारलं, आजोबा, तुळापूर म्हणजे काय? ते म्हणाले, "घरी गेल्यावर सांगतो. इथे नको."

१२८३ च्या वसंतातच एडवर्डने कॉन्वीला काम सुरू केलं होतं. जागा मोकळी नव्हती. तिथे ग्विनेदच्या राजांनी पोसलेला मठ होता, ल्यूएलिनचे आजोबा थोरले ल्यूएलिन तिथे पुरलेले होते. एडवर्डने मठ उचलून नदीच्या वरच्या अंगाला हलवला आणि त्या जागी आपला किल्ला आणि इंग्रजांची वस्ती वसवली. किल्ला आणि गावाचा तट मिळून सुमारे १५,००० पौंड खर्च झाला आणि चार वर्षांत बहुतेक सगळं उभं राहिलं. बांधणारा होता मास्टर जेम्स, आल्प्सच्या बाजूच्या सव्हॉय प्रांतातून आणलेला. त्याची खूण भिंतीवर आजही दिसते. बुरुजांवर बारक्या चौकोनी भोकांची रांग गोल गोल चढत जाते, ती परांचीची भोकं. आपल्याकडे परांची आडवी बांधत वर नेतात. त्याने ती घाटरस्त्यासारखी तिरकी चढवली, म्हणजे दगड त्यावरूनच वर ओढत नेता येतात. हे मला बाबांनी दाखवलं. माहितीफलकाच्या आधी त्यांनी ओळखलं होतं.

"आणि हे सगळं पांढरं होतं," मुलगी वाचत होती. खरंच, भिंतींवर चुन्याच्या गिलाव्याचे अंश सापडतात. आज राखाडी दिसणारा हा किल्ला तेव्हा डोंगराच्या हिरव्यात पांढराशुभ्र चमकत असणार, दहा कोसांवरून प्रत्येक वेल्श शेतकऱ्याला दिसेल असा. तो दिसावा हाच त्याचा निम्मा उपयोग.

मला सगळ्यात जास्त चकित केलं ते शिबंदीच्या आकड्याने. एवढा मोठा कोट राखायला १२८४ मध्ये किल्लेदाराच्या हाताखाली माणसं नेमली ३०. त्यांतले १५ तिरंदाज, बाकीच्यांत एक सुतार, एक लोहार, एक गवंडी, एक धर्मगुरू. तीस माणसं! आमच्या सोसायटीच्या गणपतीला याहून जास्त कार्यकर्ते असतात. भिंतीच इतक्या विचाराने बांधल्या की माणसं कमी लागावीत.

पण भिंत कितीही विचारी असली तरी माणूस चुकतो. १४०१ च्या गुड फ्रायडेला शिबंदी गावातल्या चर्चमध्ये प्रार्थनेला गेली. दारावर दोन पहारेकरी. सुतार असल्याचं सांगून वेल्श माणसं आत शिरली, पहारेकऱ्यांना मारलं आणि दार आतून लावून घेतलं. हे रीस आणि ग्विलिम हे दोघे भाऊ आणि त्यांची सुमारे ४० माणसं, वेल्श सरदार ओवेन ग्लिन्डूरच्या इंग्रजांविरुद्धच्या उठावातली. ओवेन त्यांचा चुलत-मावस नात्यातला. त्यांनी जवळपास तीन महिने किल्ला धरला.

ही गोष्ट ऐकताना बाबा पायरीवर बसले होते, ते उठूनच उभे राहिले. मग नातीला कोंडाजी फर्जंदांची गोष्ट सुरू झाली : १६७३ साल, फक्त ६० मावळे, पन्हाळ्याचा कडा, रात्र. आजूबाजूची दोन इंग्रज पोरंही थांबून ऐकत होती, भाषा कळत नसताना. मुलगी मध्येच म्हणाली, "पण आजोबा, हे सुतार बनून गेले आणि ते कडा चढून गेले. सुतारांचं सोपं." बाबा म्हणाले, "सोपं नाही गं. कड्यावर पडलास तर एकदा मरतोस. खोटं बोलून दारात उभं राहायचं आणि हात थरथरू द्यायचा नाही, हे अवघड." त्या रीस-ग्विलिमचा आणखी एक भाऊ होता मरेदिद. त्याच्या नातवाचा मुलगा १४८५ मध्ये सातवा हेन्री म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसला. ट्यूडर घराणं ते हेच.

आता कामाच्या गोष्टी, कारण लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांना त्या हव्या असतात. बाबागाडी आत नेऊ नका, निरुपयोगी आहे. बुरुजांचे जिने गोल, अरुंद, आणि एकाच जिन्याने चढणारे-उतरणारे दोघेही. पायरीचा आतला भाग वीतभरसुद्धा रुंद नसतो, म्हणून लहान मुलाला बाहेरच्या भिंतीच्या बाजूने चालवा आणि मोठ्या माणसाने खालच्या पायरीवर राहा. आमचा धाकटा निम्म्या वाटेवर अंधारात घाबरून बसला, वर माणसं, खाली माणसं. नवऱ्याने त्याला कडेवर घेतलं आणि सगळा जिना पाठीमागे सरकत खाली आला. कोणी कुरकुर केली नाही, उलट वरच्या बाई त्याला गाणं म्हणून दाखवत होत्या.

बाबा मात्र वर गेले. मी नको म्हटलं, आईने डोळे वटारले, तरी गेले, नात पुढे आणि ते मागे, दोरी धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. वीस मिनिटं लागली. मी खाली चौकात उभी राहून बुरुजाचं टोक बघत होते. आधी मुलीचं डोकं दिसलं, मग बाबांची टोपी. त्यांनी हात केला नाही. ते फांजीवरून, म्हणजे तटावरच्या वाटेने, चालायला लागले, भिंतीवर हाताचा तळवा टेकवत, चर्या मोजत. तो तळवा टेकवायचा प्रकार मी लहानपणापासून बघत आले आहे, सज्जनगडावर, वैराटगडावर, राजगडाच्या संजीवनी माचीवर. मला तेव्हा रडू आलं आणि मी ते पुसलंही नाही.

दुपारी धक्क्यावर बसून दशम्या खाल्ल्या. सीगलने धाकट्याच्या हातातला लाडू उचलून नेला. त्याला दुसरा दिला, तोही त्याने दोन्ही हातांत लपवून पोटाशी धरून खाल्ला. शेजारीच ब्रिटनमधलं सगळ्यात लहान घर आहे, लाल रंगाचं, रुंदी दोन मीटरही नाही. आई म्हणाली, "मुंबईत याला वन आरके म्हणतील."

मग गावाचा तट. तो जवळपास सव्वा किलोमीटर सलग उभा आहे, २१ बुरूज, तीन मूळ दरवाजे, आणि बराच भाग वरून चालता येतो, तेही फुकट. आत शाळा, दुकानं, घरांच्या परसातले कपडे वाळत घातलेले. गाव अजून कोटाच्या आत नांदतंय. दक्षिणेच्या बाजूला तटाबाहेर झुकलेल्या बारा शौचकूपांची रांग आहे. मुलांना राजापेक्षा, लढाईपेक्षा, विहिरीपेक्षा हीच जागा आवडली, आणि राजगडावरच्या शौचकूपांची माहिती सांगायला मिळाल्याने बाबांनाही.

रात्री भाड्याच्या घरात खिचडी झाली. बाबांनी वही काढली. मी लांबून बघत होते. त्यांनी तारीख लिहिली, 'कॉन्वी' लिहिलं, सोबतच्यांची नावं लिहिली. विहिरीची खोलीही लिहिली. आकड्याची जागा रिकामी ठेवली.

"तट फिरलात की सगळा," मी म्हटलं.

"फिरलो. पण हा गड इथल्या माणसांनी बांधला नाही. त्यांना दाबायला बांधला. माझे १८७ वेगळे आहेत."

दुसरा दिवस : रविवार, २४ ऑगस्ट

कायर्नार्व्हन कॉन्वीहून पाऊण तासावर. समुद्राच्या चिंचोळ्या पट्टीच्या काठावर हा किल्ला आहे आणि तो कॉन्वीसारखा अजिबात नाही. बुरूज गोल नाहीत, बहुकोनी. भिंतीत फिक्या-गडद दगडांचे आडवे पट्टे. कॉन्स्टँटिनोपलच्या तटाची आठवण व्हावी म्हणून हे केलं असं मानलं जातं, कारण जवळच रोमन ठाण्याचे अवशेष आहेत आणि वेल्श दंतकथांत या जागेचं नातं रोमन सम्राटाशी जोडलेलं आहे. एडवर्डने त्यांची दंतकथाच दगडात बांधून स्वतःच्या नावावर करून घेतली.

आईसाठी हा दिवस चांगला गेला. राजदरवाजाच्या बुरुजांत लिफ्ट बसवली आहे, २०२३ पासून. वर गच्ची केली आहे. जुन्या दगडाला न दुखावता काम केलं आहे आणि वर गेल्यावर सामुद्रधुनी, पलीकडे अँगलसी बेट, मागे एरेरीचे डोंगर. आई आयुष्यात कधी बाबांबरोबर गडमाथ्यावर गेली नव्हती, तिच्या वाट्याला पायथ्याचं देऊळ आणि डबे सांभाळणं यायचं. ती गच्चीच्या कठड्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "असं दिसतं होय वरून." बाबा काहीच बोलले नाहीत.

याच राजदरवाजाच्या आराखड्यात एकामागोमाग पाच दारं आणि सहा सरकत्या लोखंडी जाळ्या होत्या. ते पूर्ण झालं नाही. अर्धवट खाचा भिंतीत दिसतात. १२९४ मध्ये ग्विनेदच्या राजघराण्यातल्या मादोगच्या उठावात वेल्श लोकांनी गावाचा तट फोडून हा किल्ला घेतला आणि जाळला, तेव्हा कामच चालू होतं. उठाव मोडायला आलेला एडवर्ड त्या हिवाळ्यात कॉन्वीत अडकून पडला होता, नदीला पूर, अन्न कमी. कालच्या त्या भव्य दिवाणखान्यात तो काय खात बसला असेल, हे मुलीला फार महत्त्वाचं वाटलं.

इथेच एप्रिल १२८४ मध्ये एडवर्डला मुलगा झाला आणि १३०१ मध्ये त्याला 'प्रिन्स ऑफ वेल्स' केलं. जिंकलेल्या राजघराण्याची पदवी जिंकणाऱ्याच्या मुलाला. १९६९ मध्ये चार्ल्स यांचा पदवीदान सोहळाही याच चौकात झाला, त्यासाठी केलेला पाटीच्या दगडाचा गोल चौथरा अजून गवतात आहे. मुलं त्यावर पकडापकडी खेळली.

पण रविवारची खरी गोष्ट किल्ल्याच्या बाहेर घडली. बाहेरच्या चौकात चहा घेत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक आजोबा, पलीकडे तीन कॉलेजातली मुलं, चहावाली बाई, तिचा मुलगा. सगळे वेल्श बोलत होते. पाट्यांपुरतं नाही. भांडण, हिशेब, थट्टा, सगळं वेल्शमध्ये. बाबांनी कप खाली ठेवला आणि ऐकत राहिले. एडवर्डच्या हुकमाप्रमाणे या तटाच्या आत वेल्श माणसाला राहायला आणि व्यापार करायला मनाई होती. १५३६ च्या कायद्याने कोर्टाची भाषा फक्त इंग्रजी झाली. आणि त्याच गावात आज कानावर इंग्रजी कमी आणि वेल्श जास्त पडते.

बाकावरच्या आजोबांनी विचारलं, तुमची भाषा कुठली? बाबांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, मराठी. किती लोक बोलतात? २०११ च्या जनगणनेत ८ कोटींच्या वर. आजोबांनी भुवया उंचावल्या. त्यांची, २०२१ च्या गणनेत, साडेपाच लाखांच्या आत. वेल्समध्ये शंभरातले अठरासुद्धा नाहीत. मग त्यांनी आमच्या मुलीकडे बघून विचारलं, ही बोलते का?

बोलते. पण आमच्याशी मराठीत बोलता बोलता वाक्याच्या मध्यावर इंग्रजीत जाते, आणि धाकट्याला मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. मी हे प्रामाणिकपणे सांगितलं. आजोबा म्हणाले, त्यांच्या वडिलांच्या घरीही तसंच होत चाललं होतं, आणि मग त्यांच्या आईने ठरवलं की स्वयंपाकघरात फक्त वेल्श. एवढंच. त्यांनी मुलीला 'कास्टेल्ह' म्हणायला शिकवलं. शेवटचा उच्चार जीभ टाळूला लावून बाजूने हवा सोडत करायचा. तिला दहाव्या प्रयत्नात जमला. मग तिने त्यांना 'किल्ला' शिकवला. त्यांचा 'ळ'सारखा 'ल्ल' ऐकून आई खूप हसली, आणि म्हणाली, आता 'बाळ' म्हणायला सांग.

उठताना बाबांनी किल्ल्याकडे बोट करून विचारलं, याचा राग येत नाही? आजोबा म्हणाले, लहानपणी आम्ही आत चेंडू शोधायला जायचो. मग थोडं थांबून म्हणाले, कधी कधी येतो.

रात्री बाबांनी वही उघडली. कॉन्वीच्या ओळीत मागे जाऊन १८८ लिहिलं आणि शेजारी '१४०१'. खाली कायर्नार्व्हन, १८९, शेजारी '१२९४'. इथल्या माणसांनी घेतला तो दिवस धरायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

तिसरा दिवस : सोमवार, २५ ऑगस्ट

सकाळी मेनाईचा झुलता पूल ओलांडून अँगलसी बेटावर. हाही टेलफर्डचा, हाही १८२६ चा.

बोमारिसचा किल्ला बुटका आहे. सपाट गवतावर, पाण्याने भरलेल्या खंदकात, बदकं पोहत असलेला. पहिल्यांदा बघून मुलं नाराज झाली. पण आत गेलात की कळतं. आतला चौकोन, त्याभोवती बाहेरचा तट, त्याभोवती खंदक, आणि सगळं इतकं मोजूनमापून की एका बाजूचा दरवाजा दुसऱ्या बाजूच्या दरवाजाचं जुळं वाटावं. बाहेरची दारं आतल्या दारांच्या सरळ रेषेत नाहीत, शत्रूला आत आल्यावर बाजूने मार खात वळावं लागतं. इथे बाबांना शेवटी गोमुखाचा भाऊ सापडला. एका अंगाला समुद्राचं पाणी थेट भिंतीपर्यंत आणणारी लहान गोदी, भरतीला जहाज दाराशी.

मादोगच्या उठावानंतर १२९५ मध्ये काम सुरू झालं. मास्टर जेम्सने दरबारी धाडलेला हिशेब शिल्लक आहे : ४०० गवंडी, २,००० मजूर, २०० खाणकामगार, ३० लोहार, शंभर गाड्या, तीस होड्या, आणि आठवड्याला २५० पौंड हवेत. पैसे आले नाहीत. राजाची लढाई स्कॉटलंडकडे वळली होती. बुरूज अर्ध्यावर राहिले आणि आजही तसेच आहेत, वरून कापल्यासारखे सपाट. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव आहे, आपलं काम पुरं करून देवाच्या दारात नाव ठेवलेलं. मास्टर जेम्सच्या नशिबी या किल्ल्याचं पूर्ण रूप नव्हतं. जुलैमध्येच रायगडासह मराठ्यांचे बारा गड जागतिक वारशाच्या यादीत आले, ती बातमी बाबांनी मोबाइलवर आम्हा सगळ्यांना तीनदा वाचून दाखवली होती. इथे त्यांनी ती चौथ्यांदा सांगितली, या वेळी तिकीट तपासणाऱ्या मुलाला.

दोन तटांच्या मधल्या गवतात सतरंजी टाकली. मी माहितीचं पान वाचत होते. या किल्ल्याच्या जागेजवळ 'ल्हानवाइस' नावाचं वेल्श गाव होतं, भरभराटीचं, बंदर असलेलं, बाजार भरणारं. किल्ल्यासाठी आणि नव्या इंग्रज वसाहतीसाठी एडवर्डने ते गाव उठवलं. माणसं बेटाच्या दुसऱ्या टोकाला, सुमारे वीस किलोमीटरवर नेऊन वसवली. त्या जागेचं नाव पडलं 'न्यूबरो', नवं गाव.

आई तोपर्यंत पुऱ्या वाढत होती. तिचा हात थांबला.

माझं आजोळ कोयनेच्या पाण्याखाली आहे. साठच्या दशकात धरण भरलं तेव्हा आई पाच-सहा वर्षांची होती. तिला घर आठवत नाही, उंबरा आठवतो, आणि आजीने निघताना चुलीतली राख फडक्यात बांधून घेतली ते आठवतं. नव्या जागेला सगळे 'नवं गाव'च म्हणत. तिच्या शाळेच्या दाखल्यावर जुन्या गावाचं नाव आहे, आणि त्या नावाची एसटी आता कुठेच जात नाही. आम्हाला हे सगळं माहीत होतं, पण तिने ते बाहेर कधी काढलं नव्हतं. बाबांच्या गडांच्या गोष्टींत तिच्या गावाची गोष्ट कधी आलीच नव्हती.

"किती घरं होती?" तिने विचारलं. मी पान पुन्हा बघितलं. आकडा दिला नव्हता.

"शंभरच्या वर असतील," ती म्हणाली. "बाजार होता म्हणतेस ना."

जेवण झालं. मुलं खंदकातल्या बदकांकडे गेली. नवरा गाडी आणायला गेला, ट्रॅफिकच्या आधी निघायचं होतं, घरी जाऊन मोदकांचा नारळ आणायचा होता. बाबांनी तिथेच वही मांडीवर घेतली. १९० लिहिलं, तारीख लिहिली आणि पेन हातात धरून थांबले. या किल्ल्यासाठी कुठलं साल धरायचं याचा विचार चालला असावा. ग्लिन्डूरच्या माणसांनी हाही १४०३ मध्ये घेतला होता, मी त्यांना सांगणार होते.

"अहो," आई म्हणाली, "किल्ल्याचं नाव नका लिहू. गावाचं लिहा."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग मुलीला हाक मारली, पान तिच्यासमोर धरलं आणि स्पेलिंग विचारलं. तिने माहितीपत्रकात बघून एकेक अक्षर सांगितलं, त्यांनी त्याखाली देवनागरीत लिहिलं. आईने चष्मा लावून ते वाचलं आणि वही बाबांच्या हातातून घेऊन स्वतःच्या पिशवीत ठेवली.